ताईची डावी बाजू

ताईच्या डाव्या हाताला भिंत पाहिजे, आणि जिथे भिंत नसेल तिथे मी, असा आमच्या सौंसरच्या घरातला नियम होता. तो मला कोणी समजावून सांगितला नव्हता. मला कळायला लागलं तेव्हापासून मी ताईच्या डाव्या बाजूला होते, एवढंच. शाळेत जाताना डाव्या बाजूला, बाजारात डाव्या बाजूला, लग्नाच्या पंगतीत तर आई लांबून डोळ्यांनीच जागा दाखवायची. कोणी त्या बाजूनं ताईशी बोलायला आलं की मी कोपरानं हळूच ढोसायचं. एकदा ढोसलं की 'कोणी बोलतंय, वळून बघ', दोनदा ढोसलं की 'नुसतं हो म्हण'. ही आमची भाषा इतकी मुरलेली होती की शेजारच्या बायका म्हणायच्या, मास्तरांच्या पोरींची काय माया आहे एकमेकींवर, सारख्या चिकटलेल्या. आम्ही दोघी चिकटून हसायचो. ताईला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं.

घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. मागे परसात कढीपत्ता आणि एक कागदी लिंबू. सकाळी जिनिंगचा भोंगा, मग छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिटी, मग बाबांच्या गरारे करण्याचा आवाज, याच क्रमानं दिवस उगवायचा. बाबा सरकारी शाळेत मास्तर होते आणि घरीसुद्धा मास्तरच असायचे. कोणाला काही सांगायचं तर आधी खाकरून घ्यायचे. आई चुलीशी बसून जवसाची चटणी कुटायची आणि कुटता कुटता ताईला हाक मारायची. ती हाक मी ओळखायचे. बाकी सगळ्यांना मारायची ती साधी हाक, ताईला मारायची ती दर वेळी थोडी चाचपडती, पोहोचली की नाही असं विचारणारी. ताई दुसऱ्या खोलीतून 'आली' म्हणायची, तेव्हा कुठे आईचा मुसळावरचा हात पुन्हा चालू व्हायचा.

ताई लहान असताना तिचा कान वाहायचा. बाबा तेव्हा ट्रेनिंगला बाहेरगावी, आणि आई कापूस वेचायला जायची. लसूण घालून तेल कोमट करायचं आणि कानात सोडायचं, हे सगळेच करायचे, आईनंही केलं. वेचणी संपली की डॉक्टरकडे नेऊ म्हणाली. वेचणी संपेपर्यंत कानाचा पडदा गेला होता. छिंदवाड्याच्या डॉक्टरनं तसं सांगितलं तेव्हा आई तिथेच खाली बसली, हे मला बाबांनी खूप वर्षांनी सांगितलं. आईनं स्वतः त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. ती फक्त राखण करत राहिली. मला आज वाटतं, तिला लोकांपासून ताईचा कान लपवायचा नव्हता, स्वतःची चूक लपवायची होती. पण हे वाटायलाही माझे केस पांढरे व्हावे लागले.

ताई मॅट्रिक झाली, शिवणक्लास झाला, आणि स्थळं यायला लागली. पहिल्या स्थळाच्या वेळी मी तापानं निजले होते, म्हणजे डावी बाजू मोकळी. मुलाच्या काकानं त्याच बाजूनं काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, आणि ताई शांतपणे समोर बघत राहिली. पोट्टी घमेंडी आहे, असा निरोप आला. मग कोणीतरी खरं कारण पोहोचवलं, तर दुसरा निरोप आला की आम्हाला फसवून राहिले होते काय. त्या दिवशी ताईनं शिवणयंत्रावर बसून संध्याकाळपर्यंत एक जुनं लुगडं उसवून त्याची गोधडी शिवायला घेतली, आईनं मात्र ठरवून टाकलं. यापुढे लग्न लागेपर्यंत हे कोणाला कळता कामा नये. बाबांना ते पटलं नव्हतं. ते खाकरले, पण बोलले काहीच नाहीत.

मग तिगावचं स्थळ आलं. मुलगा प्रकाश, पांढुर्ण्याला विजेच्या खात्यात नोकरीला. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, तिगाव स्टेशनाजवळच घर बांधून राहिलेले, अंगानं भरपूर आणि स्वभावानं गमत्ये. त्याची आई सुभद्राबाई, बोलायला अशा की समोरच्यानं आपला पदर, केस आणि विचार तिन्ही नीट करून बसावं. ते दोघंच आधी घर पाहायला आले, प्रकाश नव्हता. आईनं सगळी मांडणी करून ठेवली होती. ताई कोपऱ्यात भिंतीला लागून, मग मी वगैरे. पोहे झाले, चहा झाला, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात पाहुणे, म्हणजे प्रकाशचे वडील, म्हणाले की एका कप चहात माणूस काय समजते जी, आमचा पोट्टा काय सांगन अन् तुमची पोट्टी काय सांगन. आमच्यात पत्रिका बघायची नसते, तेव्हा माणसंच नीट पाहावीत, असं त्यांचं म्हणणं. बाबांचा चेहरा एकदम खुलला. त्यांच्या शाळेला भेट द्यायला आलेल्या साहेबांबरोबर ते एकदा कन्हान नदीत डोंग्यातून फिरून आले होते. सुकरू नावाचा एक ढीमर नावाडी लोकांना डोंग्यात घालून वरच्या डोंगराळ भागातून रामाकोन्याच्या पुलापर्यंत आणायचा, वाटेत रेतीवर मुक्काम करवायचा. तेव्हापासून घरच्यांना घेऊन जायचंच हे बाबांच्या डोक्यात होतं. त्यांनी खाकरलंसुद्धा नाही. म्हणाले, चला की मग सगळेच, दोन्ही घरं, पोरं बोलतील, आपण गोवऱ्यांवर रोडगे भाजू. पाहुण्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

दार लागल्यावर आई बाबांसमोर उभी राहिली. "घरात एक कोपरा तरी आहे," ती म्हणाली. "नदीत कोनता कोपरा पाहू मी?" बाबांनी डोक्याला हात लावला. ते खरोखरच विसरले होते. इतकी वर्षं आम्ही लपवत आलो होतो की लपवणाऱ्यातला एक जण आपण काय लपवतो तेच विसरून गेला, असंही घरात होऊ शकतं.

पण शब्द गेला होता. आई दोन दिवस बाबांशी कामापुरतं बोलली आणि उरलेला राग तिनं सामानावर काढला. रोडग्यासाठी जाडसर दळलेली कणीक, वांगी, ठेच्याच्या मिरच्या, तिळाचे लाडू, भाजी शिजवायला एक मोठा गंज, कणीक मळायला पितळी कोपर, गोवऱ्यांचं पोतं, शिवाय गोधड्या. बाबा म्हणाले, आपण एक रात्र राहणार आहोत, बदली नाही झाली. आईनं गोवऱ्या आणखी भरल्या. मला तिनं परसात नेऊन पुन्हा एकदा बजावलं की ताईला सोडायचं नाही. मी मान हलवली. ताई लिंबाखाली केस विंचरत होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

संक्रांत होऊन गेली होती, पण थंडी अजून होती. नदीवर पोहोचलो तेव्हा पाण्यावरून धूर निघाल्यासारखी वाफ निघत होती आणि दोन डोंगे काठाला ओढून ठेवलेले होते, एकेका झाडाच्या खोडातून कोरलेले, लांब आणि इतके अरुंद की एकामागे एक असंच बसावं लागे. आईनं डोंगा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. डावी बाजू नावाची गोष्टच तिथे नव्हती. दोन्ही बाजूंना पाणी.

सुकरू कमरेला लाल गमछा बांधून उभा होता. गरीब, अबोल नावाडी अशी जर कोणाची कल्पना असेल तर तो तसा अजिबात नव्हता. आवाज ढोलासारखा, आणि आपण मोठमोठ्या साहेबांना फिरवलं याचा गर्व कपाळावर लिहिलेला. त्याने सगळ्यांना ओळीत उभं करून हुकूम सोडले. डोंग्यात उठायचं नाही. वजनदार माणसानं मधात बसायचं. मी मागून जे सांगीन ते ऐकताबरोबर करायचं, मागं वळून का म्हणून विचारायचं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून आईनं डोळे मिटले.

मग सुरू झालं मानपानाचं. पुढे बसणाऱ्याची पाठ मागच्याकडे होते, आणि पाहुण्यांकडे पाठ करून कसं बसायचं? म्हणून बाबा पाहुण्यांना पुढे बसवायला निघाले. पाहुणे वजनदार, त्यांना पुढे बसवलं की डोंग्याचं नाक पाण्यात. सुकरू म्हणाला, मधात बसा. बाबा म्हणाले, मग मी मागे बसतो. मागे तर नावाडी. पाहुणे म्हणाले, मास्तर, तुम्ही आधी. बाबा म्हणाले, छे छे, तुम्ही आधी. दोघं काठावर इतका वेळ हात जोडत राहिले की प्रकाश, जो आतापर्यंत नुसता चपलेनं रेती उकरत होता, तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. शेवटी सुकरू ओरडला, "इथं लगन नाही लागून राहिलं जी. बसा." तसे पुरुष एका डोंग्यात बसले, सुकरूच्या भावानं तो हाकला, आणि सुकरू आमच्याकडे वळला.

बायकांच्या डोंग्यात पेच मोठा होता. सुभद्राबाई मधोमध गोधडीवर. त्यांच्याकडे पाठ करून आई बसेना, म्हणून आई त्यांच्या मागे. मला पुढे बसवायचं म्हटलं, तर सुकरू म्हणाला, पुढे खडकाला बांबू लावणारं माणूस पाहिजे, ही काडी काय लावणार. म्हणजे ताई पुढे, तिच्या मागे मी, मग सुभद्राबाई, मग आई, आणि शेवटी उभा सुकरू. ताईची पाठ होणाऱ्या सासूकडे. हे आईला सोसेना. तिनं मागून सांगितलं, ते मी ताईपर्यंत पोहोचवलं: पूर्ण पाठ करू नको, जरा तिरपी बस. बांबू उजव्या हाताशी होता, म्हणून ताई डावीकडे वळून, एक गुडघा दुमडून तिरपी बसली. किती अदबीनं बसली आहे असं सुभद्राबाई म्हणाल्यासुद्धा. आई सुखावली. आपणच तिचा बहिरा कान नावाड्याच्या तोंडाकडे करून दिला, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही आलं.

नदी मात्र अशी होती की आईसुद्धा काही वेळ विसरली. दोन्हीकडे सागाचे डोंगर, पानं गळायला आलेली, आणि मध्ये हिरवा, संथ डोह. बांबू पाण्यात जायचा आणि ओला, चमकत वर यायचा. खडकांवर पाणकोंबड्या बसलेल्या. डोह संपला की उथळ धार लागायची, तिथे आम्ही साड्या-फ्रॉक गुडघ्यापर्यंत धरून उतरायचो आणि सुकरू डोंगा गोट्यांवरून ओढून न्यायचा. काठावर कोणाचा संत्र्याचा बगीचा लागला. राखणदारानं लांबूनच ओंजळभर संत्री फेकली, काही डोंग्यात पडली, काही पाण्यात. सुभद्राबाईंनी एक सोलून फोडी पुढे दिल्या. त्या ताईशी बोलत होत्या, शिवण कुठे शिकली, भरत येतं काय, आणि मी ताईच्या पाठीला ढोसत होते. एकदा ढोसलं की ताई मान वळवायची, उजवा कान आमच्याकडे यायचा, ती उत्तर द्यायची. सगळं जमून येत होतं. प्रकाशचा डोंगा पुढे होता आणि तो मागे वळून वळून बघत होता, सुकरूनं मनाई केली असूनही.

मग नदी दोन खडकांमध्ये अरुंद झाली. पाण्याचा आवाज वाढला. एका बाजूच्या कपारीतून करंजाची जाड फांदी पाण्यावर आडवी आलेली होती, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पुरुषांचा डोंगा तिच्याखालून गेला. सगळ्यांनी डोकी खाली घातली आणि पुन्हा वर काढली. आमचा डोंगा वेगानं तिकडे निघाला आणि सुकरू मागून ओरडला, वाका. सुभद्राबाई वाकल्या, आई वाकली. ताई तशीच ताठ, तिरपी, खडकावरच्या एका खंड्या पक्ष्याकडे बघत. सुकरू पुन्हा ओरडला. मी वाकता वाकता जे नेहमी करायचे तेच केलं. ताईच्या पाठीत ढोसलं.

एकदा ढोसलं म्हणजे कोणी बोलतंय, वळून बघ. ताईला वाटलं, सुभद्राबाई काही विचारतात. ती छान हसून, मान उंच करून मागे वळली. फांदी तिच्या खांद्यावर बसली, तिनं घाबरून फांदीच धरली, आणि तिच्याखालून डोंगा निघून गेला. तो निघताना कलंडला. नंतर मला आठवतं ते फक्त थंडगार हिरवं पाणी, नाकात, डोळ्यांत, आणि कोणाच्या तरी लुगड्यात अडकलेला माझा पाय.

पाणी माझ्या छातीएवढं होतं. आईच्या कमरेएवढं. पण हे उभं राहिल्यावर कळतं, आणि उभं राहायच्या आधी माणूस बुडूनच गेलेला असतो. सुभद्राबाई पूर्ण पाण्याखाली गेल्या, बाहेर आल्या, त्यांचा अंबाडा सुटून तोंडावर आला होता. आई माझं नाव घेऊन, ताईचं नाव घेऊन, पुन्हा माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मी तिच्या हातातच होते. ताई फांदीला लोंबकळत होती. तिनं हात सोडले आणि ती पाण्यात उभी राहिली. सगळे आहेत, हे दिसल्यावर मी रडायलाच लागले. खाली प्रवाहात आमची वांगी तरंगत चालली होती, जांभळी, गोल, एकामागे एक, आणि पुढच्या डोंग्यातून उडी मारून प्रकाश पँटसकट पाण्यात उभा राहून ती दोन्ही हातांनी अडवत होता. एवढ्या गोंधळात त्याला वांगी का सुचली, हे त्याला आजही सांगता येत नाही. आम्ही दर लग्नात त्याला विचारतो.

सुकरू मात्र भडकला होता. त्याच्या डोंग्यात एवढ्या वर्षांत कोणी पाण्यात पडलं नव्हतं, आणि आता पुढच्या साहेबांना काय सांगायचं, हा त्याचा राग. तो पाण्यातूनच ताईकडे चालत गेला आणि ओरडला, "दोनदा ओरडलो मी. आयकू नाही येत काय तुले?"

हा प्रश्न रागानं कोणीही कोणालाही विचारतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मान खाली घालायची असते. आई लगेच पुढे झाली आणि म्हणाली, तिच्या कानात पानी गेलं असंल जी, आत्ताच पडली नं. इतकं सोपं होतं. सगळे ओले होते, सगळ्यांच्याच कानांत पाणी होतं. आम्ही त्या वाक्यावर पाय देऊन काठावर चढून गेलो असतो.

ताईनं तोंडावरचे केस मागे सारले. मला आधी वाटलं ती रडणार. "नाही येत," ती सुकरूला म्हणाली. मग ती सुभद्राबाईंकडे वळली आणि स्पष्ट बोलली. "पानी आज गेलं, आत्याबाई. कान लहानपनीच गेला. डाव्या कानानं मले काहीच आयकू येत नाही."

सुकरूचा रागसुद्धा उतरला आणि तो डोंगा सरळ करायला लागला. आईचे हात तसेच हवेत राहिले होते. आईकडे बघवत नव्हतं. पण ताईकडे बघितलं तर मला नवल वाटलं. ती थरथरत होती, तिच्या खांद्यावर साल निघून रक्त आलं होतं, आणि तिचा चेहरा सैल झाला होता. सारखा कान देऊन बसणाऱ्या माणसाच्या कपाळावर एक बारीक आठी असते. ती आठी इतकी जुनी होती की मला ती ताईच्या कपाळाचाच भाग वाटायची. ती गेली होती.

मुक्कामाची रेती जवळच होती. पुरुषांच्या डोंग्यातल्या गोवऱ्या आणि गोधड्या कोरड्या होत्या, गोवऱ्यांचा जाळ केला. ओली लुगडी झुडपांवर वाळत घातली, आम्ही गोधड्या गुंडाळून बसलो. कणकेच्या पिशवीत नदी शिरली होती, रोडग्याचं पीठ आयतंच भिजलेलं होतं. प्रकाशनं वाचवलेली वांगी आईनं चिरायला घेतली. ती गरजेपेक्षा बारीक चिरत होती. बाबा आणि पाहुणे लांब बसले होते. पाहुण्यांनी विचारलं, कधीपर्यंत लपवणार होते मास्तर? बाबांनी खाकरलं, आणि मग सरळ सांगितलं की लग्न लागेपर्यंत. पाहुणे हसले नाहीत. दिवसभर हसणारा माणूस असा गप्प झाला की फार भीती वाटते.

सुभद्राबाई अखेर आईजवळ येऊन बसल्या. मला वाटलं आता होणार ते होणार. त्या म्हणाल्या, "एका कानानं आयकू नाही येत, तर नाही येत. पन तुम्ही आम्हाले काय समजले? कान मोजत आलो आम्ही?" त्या चांगल्याच रागावलेल्या होत्या आणि त्यांनी तो राग झाकला नाही. आईनं विळी बाजूला सरकवली. आणि मग जे तिनं आम्हाला, बाबांना, कोणालाच कधी सांगितलं नव्हतं ते ती या परक्या बाईला सांगू लागली. कान वाहत होता, मी वेचणीला जात होती, आज नेतो उद्या नेतो करत राहिली. सांगता सांगता ती रडली, मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. सुभद्राबाईंनी तिला रडू दिलं. नंतर स्वतः उठून कणकेचा पितळी कोपर पुढे ओढला आणि रोडगे वळायला घेतले. "आमची सासू पन लसनाचंच तेल टाके," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवताना प्रकाशनं पहिल्यांदा ताईशी बोलायचं धाडस केलं. बिचारा समोर बसून इतक्या जोरानं ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. विचारलं काय, तर भाजी पाहिजे काय. ताई म्हणाली, "ओरडू नका जी. एका कानानं चांगलं आयकू येते." प्रकाश कानापर्यंत लाल झाला. पाहुण्यांना ते ऐकून एकदम असं हसू फुटलं की ठसका लागला, आणि बाबांनी त्यांना पाणी दिलं, आणि बाबाही हसले. रोडगे बाहेरून करपले होते आणि आतून जरा कच्चे होते. तूप भरपूर होतं. इतकं चवदार जेवण मी आयुष्यात फार वेळा जेवलेली नाही, हे मी आमच्या सुनेसमोर बोलत नाही.

आता माझ्या स्वतःच्या दोन्ही कानांत मशीन आहे. लोक केसांखाली लपवतात. मी केस मागे घेऊन बसते. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, आजी, आणखी लहान, न दिसणारं मिळतं, ते घ्या. मी म्हटलं, बाई, दिसणारंच दे.

आमच्याकडे स्थळाचा होकार-नकार तोंडावर देत नाहीत. घरी जायचं, मग मध्यस्थामार्फत निरोप पाठवायचा, आणि तोवर मुलीच्या घरच्यांनी प्रत्येक सायकलच्या घंटीला दाराकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी रामाकोन्याचा पूल दिसायला लागला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर ती वाट बघणं आधीच येऊन बसलं होतं. या वेळी डोंग्यात कोणी मानपान केला नाही. सुकरूनं जिथे बोट दाखवलं तिथे बसलो. ताईला त्यानं मागे आपल्या पायाशी बसवलं होतं आणि काही सांगायचं झालं की तो तिच्या खांद्याला बांबू लावायचा.

काठावर उतरून सामान मोजताना सुभद्राबाईंनी कमरेला पदर खोचला. निरोप कायले पाठवायचा, म्हणाल्या, इथंच सांगतो. "काल हे पोट्टी कानात पानी गेलं म्हनली असती, तर आम्ही मानलं असतं. नाही म्हनली. आमचं हो आहे." पाहुण्यांनी मान डोलावली. प्रकाश पुलाचे खांब मोजत होता. मला वाटलं आता आई ताईला कवटाळणार, बाबा खाकरणार, आणि झालं. तेवढ्यात सुभद्राबाई पुढे म्हणाल्या, "आता पोट्टी काय म्हनते?"

आईनं तोंड उघडलं. इतकी वर्षं ताईला कोणी काही विचारलं की उत्तर आईच द्यायची. ताईला ऐकू गेलं नसेल तर, या भीतीनं. शब्द तिच्या ओठावर आलेले मला दिसले. मग तिनं तोंड मिटलं. तिनं ताईकडे पाहिलं आणि वाट बघितली, बाकी सगळ्यांसारखी.

"मले जरा विचार करू द्या," ताई म्हणाली. "प्रकाशरावांशी मी अजून एक भाजीचंच बोलली आहे."

सुभद्राबाईंच्या भुवया वर गेल्या. क्षणभर मला कालच्यापेक्षा जास्त भीती वाटली. मग त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि म्हणाल्या, कर बापा, विचार कर, आम्ही कुठं पळून राहिलो. प्रकाशनं पहिल्यांदा नीट मान वर करून ताईकडे पाहिलं, आणि साध्या आवाजात विचारलं की पुढच्या रविवारी सौंसरला येऊ काय. ताई म्हणाली, या. ताईनं हो म्हणायला होळीपर्यंत वेळ घेतला, आणि तोवर तो दर रविवारी येत राहिला, हे सगळं नंतरचं.

आम्ही चौघं रामाकोन्याहून छोट्या गाडीनं निघालो. डब्यात गर्दी नव्हती. बाबा समोरच्या बाकावर नदीचं वर्णन कोणा अनोळखी माणसाला करत बसले. ताई दुसऱ्या टोकाला खिडकीशी एकटीच बसली होती, आणि मला कोणी तिच्याजवळ जायला सांगितलं नाही. आई माझ्याशेजारी बसली. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी तिला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. प्रवासात तर ती बसल्या जागी ताठ असायची, एक डोळा ताईवर ठेवून. आता तिचं तोंड थोडं उघडं होतं, पदर घसरला होता, गाडी खडखडत होती आणि ती गाढ झोपली होती. सौंसर आलं तेव्हा बाबा तिला उठवायला वाकले. ताईनं त्यांचा हात धरला. गाडी सुटायची शिटी होईपर्यंत आम्ही तिला उठवलं नाही.